लोह कमी नव्हतं

माझ्या सासूबाईंना सात महिने लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त मी स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी डॉक्टरांवर, नवऱ्यावर, बिल्डिंगमधल्या बायकांवर चिडलेली दिसेन, आणि वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई स्वतःला सोडून सगळ्यांना धरते आहे. तसं नाही. राग सगळ्यांवर आहे आणि त्या सगळ्यांत मीही आहे.

मी कामोठ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, ट्यूबवर लेबल चिकटवायचं, मशीनला लावायचं, आलेले आकडे पुन्हा एकदा बघून मॅडमच्या सहीला पाठवायचे, हे काम मी बारा वर्षं करते आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका रोज येतात. इतक्या येतात की तो आकडा बघून आता काही वाटत नाही. तिथेच पहिली चूक झाली.

सासूबाई मोऱ्याच्या. उरणच्या मोरा बंदराजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. सासरे होते तोवर त्यांची होडी होती आणि सासूबाई मासळी विकायच्या. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना आमच्या फ्लॅटवर आणलं. नवरा कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, शिफ्टमध्ये असतो, मी सकाळी सातला बाहेर पडते, तेव्हा घरात कोणीतरी असलेलं आम्हालाच हवं होतं. हेही खरं कारण होतं, पण ते आम्ही त्यांना सांगितलं नाही. त्यांना सांगितलं की तुम्ही एकट्या कशा राहणार.

कामोठ्यात आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी मासळीवाल्यांना सरळ केलं. रोज बाजारात जायच्या, घ्यायचं असो नसो, माशाचा कल्ला उघडून शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला दाखवायच्या. "बघ, काला परलाय. नको घेव." विकणारी शिव्या द्यायची, ह्या हसायच्या. तीन जिने दिवसातून चारदा चढायच्या. लिफ्टला त्यांनी कधी हात लावला नाही, त्या डब्यात जीव घुसमटतो म्हणायच्या.

मग एका उन्हाळ्यात बाजारात जाणं बंद झालं. उद्या जाईन, उद्या जाईन, असं चाललं. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून त्या बसलेल्या मला दोनदा दिसल्या. दुपारी कधी न झोपणारी बाई दुपारी झोपायला लागली. एप्रिलच्या उकाड्यात संध्याकाळी अंगावर शाल. मी विचारलं, "आई, काय होतंय?"

"काय नाय. अंग कसकसतंय."

एका रविवारी त्या खिडकीत बसून ब्लाउजला बाजूने टाके घालत होत्या. ब्लाउज सैल झाला होता. मी बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, वजन उतरलं तर गुडघ्यांना आराम. इतकंच म्हटलं. बारा वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई मी.

नवऱ्याचे नेहमीचे डॉक्टर आमच्याच सेक्टरमध्ये आहेत. सगळी बिल्डिंग त्यांच्याकडे जाते. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली, रक्त तपासायला सांगितलं. रक्त मीच काढलं, मीच लावलं. हिमोग्लोबिन साडेआठ. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "लोह कमी आहे, दुसरं काही नाही. ह्या वयाच्या बायकांचं असंच. सगळ्यांना वाढतात आणि उरलंसुरलं खातात."

सासूबाई म्हणाल्या, "मी उरलेला खात नाय. मी पयली बसतंय."

डॉक्टर हसले. नवराही हसला. मीही हसले. एक बाई स्वतःच्या जेवणाबद्दल सांगते आहे आणि तीन शिकलेली माणसं हसतायत. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या, तीन महिन्यांनी या म्हणाले. संध्याकाळी अंग कसकसतं हे मी सांगायला गेले, तर म्हणाले, अशक्तपणाने होतं.

मग बिल्डिंग कामाला लागली. रक्त कमी आहे म्हटलं की प्रत्येक बाई डॉक्टर होते. कोणी बीट किसून आणलं, कोणी खारीक भिजवायला सांगितली, कोणी गूळ-शेंगदाण्याचे लाडू. समोरच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही नोकरीला जाता, त्यांच्या खाण्याकडे कोण बघणार?" नवऱ्याने कळंबोलीहून कामावरून येताना लोखंडी कढई आणली. पालक त्यात, उसळ त्यात, सगळं काळं. सासूबाईंना त्या कढईतल्या भाजीचा वासही नको व्हायचा. त्या अर्धी पोळी खाऊन उठायच्या, आणि आम्ही सगळे म्हणायचो, बघा, खात नाहीत म्हणूनच.

त्या खात नव्हत्या कारण त्या आजारी होत्या. त्या आजारी आहेत कारण खात नाहीत, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. हे वाक्य उलटं करून बघायला आम्हाला सात महिने लागले.

गोळ्यांनी त्यांचं पोट बिघडलं. जळजळ, मळमळ, शौचाला काळं नि खडा. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त काढलं. आठ. वाढायचं सोडून उतरलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर आपटला नाही, पण आवाज तसाच लावला. "गोळ्या घेत नाहीत त्या. घेतल्या असत्या तर वाढलं असतं. साधं आहे."

घरी येऊन नवऱ्याने शोधाशोध केली आणि गादीखाली दहा गोळ्या शिल्लक असलेली एक स्ट्रिप सापडली. ती त्याने आईच्या पुढ्यात धरली. "हे काय आहे, आये? आम्ही धावपळ करायची नि तू हे असं करायचं?"

त्या म्हणाल्या, "पोटात आग परते रं."

"सगळ्यांच्या पडते. औषध आहे ते."

तीन महिन्यांत दहा गोळ्या चुकवल्या होत्या त्यांनी. दहा. बाकी सगळ्या घेतल्या होत्या आणि तरी रक्त उतरलं होतं. हा हिशोब मला यायला हवा होता. पण मला फक्त ती स्ट्रिप दिसली आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून गोळी देण्याची ड्युटी माझ्याकडे आली. सकाळी लॅबला निघायच्या आधी, आंघोळ करून, पर्स खांद्याला लावून मी त्यांच्यासमोर उभी राहायचे. गोळी, पाणी, आणि मग मी म्हणायचे, "जीभ दाखवा."

त्या दाखवायच्या. खालून, वरून. मी वाकून बघायचे आणि मग निघायचे.

आज हे लिहिताना पश्चात्तापापेक्षा संताप जास्त येतो. मोऱ्याच्या धक्क्यावर जिच्या आवाजाला पुरुष वचकून असायचे, त्या बाईला मी बालवाडीतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढायला लावत होते, आणि ती काढत होती, कारण तिच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. भांडत नाही हेच आजाराचं सगळ्यात मोठं लक्षण होतं, आणि आम्हाला वाटत होतं, चला, ऐकायला लागल्या.

पाचव्या महिन्यात पुन्हा रक्त काढलं. त्या दिवशी मशीनवर काम कमी होतं. दुसऱ्या एका तपासणीसाठी घेतलेल्या ट्यूबमध्ये थोडं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळं पाणी, शिल्लक होतं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, तरी मी त्यातून रक्तातलं लोह आणि फेरिटिन लावून टाकलं. फेरिटिन म्हणजे शरीर ज्या प्रथिनात लोह साठवून ठेवतं ते. लोहच कमी असेल तर साठाही रिकामा असायला हवा, फेरिटिन तळाला असायला हवं.

रक्तातलं लोह कमी आलं. फेरिटिन सहाशेच्या वर, नेहमीच्या कितीतरी पट.

मी मशीन तपासलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. एका कागदावर दोन्ही आकडे लिहिले, खाली तारीख घातली आणि जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, सर, फेरिटिन एवढं जास्त आलंय आणि लोह कमी, हे कसं?

"फेरिटिन जास्त म्हणजे साठा भरतोय. चांगलं आहे. गोळ्या लागू पडतायत."

"पण हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ आहे, सर."

"मॅडम, रिपोर्ट काढायचं काम तुमचं. वाचायचं आमचं."

मी "हो सर" म्हटलं. फोन ठेवला. डबा उघडला आणि जेवले. त्या "हो सर"चा मला आजही इतका राग येतो की कोणी समोर तेच दोन शब्द उच्चारले तरी कान तापतात. बाजूच्या खोलीत आमच्या मॅडम बसल्या होत्या, एमडी पॅथॉलॉजी, दार उघडं होतं. दहा पावलं. मी गेले नाही, कारण न सांगता टेस्ट लावली म्हणून ओरडा बसेल अशी भीती होती. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, गोळ्या अंगी लागत नसतील तर सलाईनमधून लोह देऊ, दोन बाटल्यांत काम होईल. रिक्षात मी नवऱ्याला म्हटलं, "मला नाही वाटत हे बरोबर आहे. आकडे जुळत नाहीत."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग? सहा महिने झाले, काही फरक नाही. ते काहीतरी करतायत ना. तू फक्त टेन्शन देतेस."

सासूबाई आमच्या दोघांच्या मधे बसल्या होत्या. कोणी त्यांना विचारलं नाही.

पहिली बाटली एका छोट्या नर्सिंग होममध्ये चढवली. आठवड्याने दुसरी. तपकिरी, चहासारखं पाणी नळीतून उतरत होतं. दुसऱ्या बाटलीनंतर पाच दिवसांनी त्यांना हुडहुडी भरून ताप आला, एकशे तीनच्या वर. दुपारी मी लॅबमध्ये असताना शेजारच्या काकूंचा फोन आला की आई दारात बसल्यात, उठता येत नाही, श्वास लागलाय. मी धावत घरी गेले. ओठ निळसर पडले होते. नवरा यार्डातून येईपर्यंत मी रिक्षाने त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. तिने आल्या आल्या जे केलं ते सात महिन्यांत कोणीच केलं नव्हतं. ती खुर्ची ओढून सासूबाईंच्या उशाशी बसली आणि त्यांनाच विचारलं, "आजी, तुम्हाला कधीपासून बरं नाही?"

श्वासाश्वासाने अडखळत त्या सांगायला लागल्या. संध्याकाळचा ताप. रात्री घामाने पोलकं भिजायचं, हे मलाही माहीत नव्हतं, त्या पहाटे उठून बदलायच्या आणि स्वतः धुवायच्या. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. वजन किती उतरलं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तीन ब्लाउज आत घातले." डॉक्टर मुलीने ते तसंच लिहून घेतलं. मग तिने पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला, उजव्या बाजूला खालपर्यंत नेला, बोटांनी ठोकून बघितलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यांचा छातीचा एक्स-रे कधी काढला होता?"

काढलाच नव्हता.

उजवं फुप्फुस अर्ध्याहून जास्त पाण्यात होतं. दुसऱ्या दिवशी पाठीतून सुई घालून ते पाणी काढलं, पिवळं, दीड बाटली. तपासात क्षय निघाला. टीबी. आम्हा दोघांचेही एक्स-रे काढले, ते स्वच्छ होते.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडनंतर ती मुलगी वॉर्डबाहेर भेटली. मी पर्समधला घडी केलेला कागद तिला दिला. तिने वाचला, तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "हे कोणी लावलं?"

"मी. लॅबमध्ये आहे मी."

"मग तुम्हाला दिसलं होतं."

"दिसलं होतं. समजलं नव्हतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. भिंतीला टेकून तिने मला समजावलं, आणि मी त्या दिवशी जे शिकले ते कॉलेजात कदाचित शिकवलं असेल, परीक्षेपुरतं पाठही केलं असेल, पण शिकले त्या दिवशीच.

ती म्हणाली, लोह आपल्याला लागतं तसं जंतूंनाही लागतं. लोहाशिवाय त्यांची वाढ होत नाही. म्हणून शरीरात जंतू शिरला की शरीर लोह लपवायला लागतं. यकृत एक संप्रेरक सोडतं. त्याने आतड्याची वाट बंद होते, म्हणजे तुम्ही बीट खा नाहीतर गोळ्या खा, लोह रक्तात यायचंच नाही, पोटात आग पाडून बाहेर पडायचं. शिवाय आपल्या अंगात भक्षक पेशी असतात, जंतूंना गिळणाऱ्या. जुन्या लाल पेशी मोडून त्यातलं लोह परत वापरायला देणं हेही त्यांचंच काम. त्यांचीही वाट बंद होते. लोह त्यांच्या आत अडकतं, फेरिटिनमध्ये गुंडाळलेलं. रक्तात जे थोडं फिरतं ते वाहून नेणारं प्रथिनही त्याला घट्ट धरून ठेवतं, सैल लोह जंतूच्या हाती लागू नये म्हणून. नवं रक्त बनवायला मग लोह मिळत नाही. हिमोग्लोबिन उतरतं.

"म्हणजे लोह कमी नव्हतं," मी म्हटलं.

"कमी नव्हतं. कुलपात होतं. तुमचा कागद तेच सांगतोय. तिथून पुढे विचारायला हवं होतं की कुलूप कशासाठी लावलंय."

"आणि आम्ही सलाईनमधून दिलं."

तिने कागदाची परत घडी केली. मग म्हणाली, "क्षयाचा जंतू नेमका त्या भक्षक पेशीतच जाऊन राहतो. जिने त्याला मारायचं, तिच्याच आत. बाहेरून दिलेलं लोहही शेवटी त्याच पेशींत जातं. आणि त्या पेशीत लोह फार झालं की तिची जंतू मारायची ताकदही कमी पडते. म्हणून अंगात ताप असताना, कारण माहीत नसताना, शिरेतून लोह देत नाहीत."

"म्हणजे त्यामुळेच वाढलं."

"तसं मी लिहून देणार नाही. जंतू आधीपासून होता. सलाईन दिलं नसतं तरी पाणी भरलं असतं, कदाचित. कदाचित एवढं नसतं भरलं. पण सात महिने गेले, ते नक्की."

कदाचित. ती प्रामाणिक होती, म्हणून असं बोलली, हे मला कळत होतं. पण त्या एका शब्दाने माझ्या रागाची जागाच काढून घेतली. खून झाला असता तर मला खुनी मिळाला असता. इथे काय होतं? एक माणूस ज्याने प्रश्न विचारला नाही. दुसरा ज्याने बायकोचं ऐकलं नाही. तिसरी जिने कागद घडी करून ठेवला. आणि कधीपासून आपलं काम चोख करत असलेलं एक शरीर, ज्याने पहिल्या दिवशी संकट ओळखलं, कुलपं लावली, आणि ज्याच्या उपायालाच आम्ही सगळ्यांनी आजार समजून सात महिने तो मोडायचा प्रयत्न केला.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एकदम उठून म्हणाला की क्लिनिक फोडतो. मी म्हटलं, बस खाली. तो बसला. फोडणारा माणूस नाही तो. मला तेव्हा त्याचाही राग आला, की आता ओरडायला बरा आवाज फुटतोय.

क्लिनिकमध्ये मी एकटी गेले. अकरा वाजता, गर्दीच्या वेळी, नंबर लावून बसले. माझा नंबर आला तेव्हा सगळे कागद त्यांच्यासमोर मांडले. एक्स-रे, पाण्याचा रिपोर्ट, माझा आकड्यांचा कागद. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, बराच वेळ. मग म्हणाले, "बरं झालं सापडलं. आता सहा महिने औषध चालेल. ठीक होतील."

"मी तुम्हाला फोन केला होता, सर. फेरिटिनचा."

"रोज शंभर फोन येतात."

"तुम्ही म्हणालात, वाचायचं काम तुमचं."

"हे बघा, टीबी लपतो. मोठमोठ्यांना सापडत नाही. आम्ही काय देव आहोत का?"

"छातीचा एक्स-रे काढायला देव लागत नाही."

बाहेर बसलेल्यांच्या माना दाराकडे वळल्या. ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न मी घरून निघताना स्वतःला विचारलाच नव्हता. मला त्यांचं क्लिनिक बंद पाडायचं नव्हतं. माफी हवी होती का, तेही माहीत नाही. तोंडातून निघालं ते असं, "आईंच्या केसपेपरवर लिहा. अमुक तारखेला फेरिटिन कळवलं होतं, आणि ते बघितलं नाही."

"असं काही लिहीत नसतात."

केसपेपर त्यांच्या हाताखाली होता. मी तो ओढून घेतला, त्यांच्याच पेनने तारीख घातली, आकडे लिहिले, खाली लिहिलं, "फोनवर कळवले", आणि सही केली. त्यांनी अडवलं नाही. कदाचित मी निघून गेल्यावर तो कागद फाडला असेल. पण मी त्या दिवशी "हो सर" म्हटलं नाही, एवढंच.

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी व्हायची, सांधे दुखायचे. दोन आठवड्यांत ताप गेला. महिन्याभरात त्यांनी स्वतःहून जेवण मागितलं, लोखंडी कढई उचलून माळ्यावर टाकली, आणि मला सांगितलं की बोंबील आण, मी करते. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन साडेनऊ. पाचव्यात अकरा. लोहाची एकही गोळी नाही. तो अकराचा आकडा मशीनवर आला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी लॅबच्या टॉयलेटमध्ये जाऊन भिंतीवर मूठ मारली. इतकं सोपं होतं. कुलूप ज्याने लावलं त्यानेच वेळ आल्यावर उघडलं, आणि आत सगळं लोह जागच्या जागी होतं.

मग मी मॅडमकडे गेले. ती दहा पावलं. सगळं सांगितलं, न सांगता टेस्ट लावल्याचंसुद्धा. त्यांनी झापलं, आणि ते टेस्ट लावल्याबद्दल नाही, त्यांना विचारलं नाही म्हणून. आता हिमोग्लोबिन कमी आणि फेरिटिन जास्त असं दिसलं की आमच्या रिपोर्टखाली एक ओळ जाते, की हे लोहाच्या कमतरतेचं चित्र नाही, अंगात सूज किंवा संसर्ग आहे का बघावं. एक-दोन डॉक्टरांनी फोन करून विचारलं, हे आम्हाला शिकवायला कोणी सांगितलं. मॅडमनी उत्तर दिलं, "मी सांगितलं."

सासूबाई याबद्दल कधी बोलल्या नाहीत. नवऱ्याने एकदा जेवताना चाचरत माफी मागितली, तेव्हा "जेव" एवढंच म्हणाल्या. मी मागितली नव्हती. धीर होत नव्हता. कोर्स संपत आला तेव्हा एका सकाळी मी निघताना त्यांनी क्षयाची गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता नाय बघायची जीभ?"

मी खांद्याची पर्स काढून खाली ठेवली.

"तुना वाटला मी खोटी हाय," त्या म्हणाल्या. "पोरानं बोलला त्याचा नाय मना वाईट. त्याला काय कळतंय? तू रगत बघतेस रोज. तुना कळाया पायजे होता."

"हो, आई," मी म्हटलं. त्या बरोबर होत्या.

"मंग सांगलं का नाय?"

"घाबरले."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं नाही. ऐकलं, एवढंच.

कोर्स संपल्यावर त्यांनी बॅग भरली आणि मोऱ्याला परत जाते म्हणाल्या. नवऱ्याने खूप समजावलं. नंतर मला विचारलं, "तू काही बोललीस का तिला?" मी म्हटलं, "मी काही बोलले नाही, तेच तर झालं." तो त्या दिवसापासून हा विषय काढत नाही. गेल्या महिन्यात खोकला झाला तेव्हा तो त्याच डॉक्टरकडे जाऊन आला, जवळ पडतं म्हणून. आमच्यात त्यावरून इतकं भांडण झालं की दोन दिवस घरात कोणी बोललं नाही. मला ते भांडण योग्य वाटतं, अजूनही.

मी पंधरवड्याने मोऱ्याला जाते. त्या मासळी विकत नाहीत आता, पण धक्क्यावर जाऊन बसतात, भाव ठरवताना मधे तोंड घालतात, बायका त्यांना बोलावतात. घर थोड्या चढावर आहे. मागच्या खेपेला आम्ही दोघी बरोबर चढत होतो. त्यांच्या हातात ताजे बांगडे भरलेली पिशवी होती, मी मागितली, दिली नाही. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या. उजव्या बाजूला फुप्फुसाचं आवरण जाड होऊन बसलंय, ते आता तसंच राहणार, डॉक्टर मुलीने सांगितलं होतं. पूर्वी त्या डोक्यावर टोपली घेऊन, बोलत बोलत, हा चढ चढायच्या.

त्या कमरेवर हात ठेवून श्वास घेत होत्या. मीही थांबले. मग त्या म्हणाल्या, "चल," आणि पुढे निघाल्या.